अडीचची गाडी

अण्णांच्या व्हिजिटिंग कार्डवर फक्त नाव आणि फोन नंबर होता. कामाचं नाव नव्हतं, कारण त्या कामाला आमच्याकडे नाव नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ते एकच काम करत होते. एखाद्या संस्थेत मोठं काही बदलणार असेल, तर तिथल्या माणसांना त्या बदलातून पार न्यायचं. दूध संस्थांत दुधातलं फॅट मोजायची मशिनं आली तेव्हा ते गावोगाव फिरले. एका बँकेत संगणक आले तेव्हा पन्नाशीच्या कारकुनांशेजारी खुर्ची टाकून बसले. एक सूतगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या कामगारांना दुसरं काम शिकवण्यात त्यांची दोन वर्षं गेली. कुणी विचारलं, अण्णा, तुम्ही नक्की करता काय, तर ते म्हणायचे, "बदल मालक करतो. राग लोकांना येतो. तो काढायला कुणीतरी लागतं, म्हणून मला बोलावतात."

ते सीमेकडच्या गावातले, व्यापारी लिंगायत घरातले. आईशी फोनवर कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि रागावले की कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत.

मी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा माझा या कामावर विश्वास नव्हता. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील शाळेत शिक्षक होते, आणि शहरात जे काही आंदोलन व्हायचं त्याची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. आई चहा टाकता टाकता वाक्यं छाटायची. मी आठवीत होते तेव्हापासून प्रुफं बघत होते. घरात एक गोष्ट पक्की होती. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं. "थांबून बघू" म्हणणारा माणूस आमच्याकडे मालकाचा समजला जायचा.

तेव्हा मुलाखतीतच मी अण्णांना सांगून टाकलं की तुमचं काम म्हणजे मालकाच्या निर्णयावर लावलेलं मलम आहे. ते म्हणाले, "मलम लावता येतं का तुला? येत असेल तर सोमवारपासून ये."

सात महिन्यांनी राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. ट्रस्टचा दवाखाना, फी कमी, त्यामुळे गर्दी फार. जिल्ह्याच्या टोकांवरून माणसं यायची. सकाळी सातपासून पायऱ्या भरलेल्या असायच्या. विश्वस्तांनी ठरवलं होतं की टोकन मशीन बसवायचं. बटण दाबलं की चिठ्ठी निघेल, भिंतीवरच्या पडद्यावर नंबर लागेल, आणि आरडाओरडा संपेल. कर्मचाऱ्यांना त्याची सवय लावून देणं हे आमचं काम.

अण्णांची एक पद्धत होती. कुठल्याही नव्या जागी पहिले आठ-दहा दिवस काही लिहायचं नाही आणि काही सुचवायचं नाही. लोक जिथे चहा पितात तिथे बसायचं. आणि प्रत्येकाला एकच विचारायचं: तुम्ही चार दिवस रजेवर गेलात तर इथं काय अडतं? मला ती पद्धत वेळकाढूपणाची वाटायची. त्या दवाखान्यातलं दुखणं तर मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं, आणि ते माझ्या मते अगदी उघड होतं.

ओपीडीच्या दाराशी एक मावशी उभ्या असायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, निळी साडी, आवाज असा की रस्त्यावरचा रिक्षावालाही वळून बघेल. नावं पुकारणं आणि माणसं आत सोडणं हे त्यांचं काम. हातात केसपेपरचा गठ्ठा असायचा, पण त्या वरून खाली क्रमानं कधीच पुकारायच्या नाहीत. मध्येच खालचा एक कागद ओढायच्या आणि म्हणायच्या, "गगनबावड्याचं पावणं, उठा. थेंब घालून घ्या." सकाळी साडेसहापासून बसलेला शहरातला माणूस तसाच बसून राहायचा, आणि नऊ वाजता आलेली कुणी म्हातारी सिस्टरकडे थेंब घालून घ्यायला आत जायची. डोळ्यांत ते थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला पाऊण तास जातो, त्यानंतरच डॉक्टर तपासतात. म्हणजे ज्याला थेंब आधी, त्याची सुटका आधी.

आणि लोक त्यांना काहीबाही आणून द्यायचे. फणसाचे गरे, बाटलीत मध, फडक्यात बांधलेली नाचणी. मावशी ते बाकाखाली सरकवायच्या. मी दोन दिवस हे पाहिलं आणि मनात शब्द तयार झाला: वशिला. गरिबांच्या दवाखान्यात, गरिबांच्याच रांगेत, गऱ्यांवर चालणारा वशिला.

अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मावशींशी बोललीस का? मी म्हटलं, विचारल्यावर कोण कबूल करणार आहे? ते म्हणाले, "अजून आठ दिवस झाले नाहीत." तेवढ्यात त्यांच्या गावाहून फोन आला, आईची तब्येत बिघडली होती. जाताना त्यांनी मला बजावलं, मी येईपर्यंत भिंतीवर काही लागता कामा नये.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी विश्वस्तांपैकी एकानं मला बोलावून घेतलं. टोकन मशीन सोमवारी सुरू करायचं होतं आणि दारावर लावायला दोन ओळी हव्या होत्या. तुम्ही छान लिहिता असं ऐकलंय, म्हणाले. मी "अण्णा येऊ देत" म्हणू शकले असते. ते वाक्य माझ्या तोंडात आलं नाही, कारण लहानपणापासून मला तेच वाक्य भ्याड वाटत आलं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं:

"या दवाखान्यात ओळख चालत नाही. भेट चालत नाही. वशिला चालत नाही. रांग एकच. आधी येईल तो आधी जाईल. कुणी कुणाला मध्ये घुसवत असेल, तर गप्प बसू नका."

त्याचा दारभर मोठा फ्लेक्स झाला. मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं की शेवटची ओळ जोरदार आहे.

सोमवारी सकाळी मावशी फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश, बोट फिरवत. त्यांनी तो दोनदा वाचला. मग मी शेजारी उभी आहे हे पाहून त्यांनी विचारलं, "ताई, हे माझ्याबद्दल लिवलंय व्हय?"

मी म्हटलं, हे कुणा एकाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे.

"असं व्हय," म्हणाल्या, आणि केसपेपरचा गठ्ठा टेबलावर ठेवून बाजूला झाल्या.

दोन दिवसांत सगळ्या दवाखान्यानं त्या शेवटच्या ओळीला मावशींचा चेहरा दिला. औषधांच्या काउंटरवरचा माणूस येता-जाता म्हणायचा, काय मावशी, आज गरं न्हाईत व्हय. लोक हसायचे. रांगेतल्या एका बाईनं मोठ्यानं ऐकवलं की इतकी वर्षं आम्ही उगाच ताटकळलो. आणि बुधवारी विश्वस्तांनी त्यांना ओपीडीतून काढून मागच्या खोलीत टाकलं, ऑपरेशनच्या चादरी धुवून येतात त्यांच्या घड्या घालायला. अठ्ठावीस वर्षं त्या दारात उभ्या होत्या, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. चौकशी नाही, विचारणा नाही. माझा फ्लेक्स हीच चौकशी आणि तोच निकाल.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवायला हवं. मला वाटलं, व्यवस्था अशीच सुधारते.

शुक्रवारी दुपारी चार वाजता ओपीडी संपली. पडद्यावर नंबर सुरळीत पुढे सरकले होते, आरडाओरडा नव्हता, मी खूश होते. बाहेर पाऊस लागला होता. पायऱ्यांवर सात-आठ माणसं बसून होती. थेंबांमुळे त्यांना उजेड सोसत नव्हता, म्हणून कुणी पदर, कुणी टॉवेल डोळ्यांवर ओढून घेतला होता. मला वाटलं पाऊस थांबायची वाट बघतायत. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, कुणी न्यायला येणार आहे का?

"न्याया कोण येतंय," तो म्हणाला. "गाडी गेली की आमची."

तो गगनबावड्याच्या पलीकडच्या एका वाडीतला, सोबत बायको. रंकाळा स्टँडवरून त्यांच्या वाडीला जाणारी गाडी अडीचला सुटते. त्यानंतरची गाडी गगनबावड्यापर्यंतच जाते, आणि तिथून पुढे सहा-सात किलोमीटर चालायचं. पावसात, अंधार पडता पडता, घाटमाथ्यावर. आणि डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे समोरचा दगडही धूसर. त्याचा नंबर टोकनवर एकसष्टावा होता. तो सकाळच्या पहिल्या गाडीनंच निघाला होता, पण ती गाडीच नऊला पोचते. शहरातली माणसं सातला येऊन बटण दाबून गेलेली.

"मावशी कुठं गेल्या?" त्यानं विचारलं. "त्या असल्या की गाडी बघून नंबर लावत्यात."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. बाकीच्यांना विचारलं. एक बाई राधानगरीकडच्या, त्यांची गाडी पावणेतीनची. एक जोडपं जोतिबाकडचं; त्यांना मिळेल त्या गाडीनं जाता येणार होतं, पण त्यांनीही मावशींची चौकशी केली. सगळ्यांना ते माहीत होतं. रांगेत मागे बसणाऱ्या, दूरच्या गावांहून येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हा जवळच्यांना.

मी मागच्या खोलीत गेले. मावशी हिरव्या चादरींच्या ढिगापुढे उभ्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही गाडीच्या वेळा बघून माणसं आत सोडायचात?

त्यांनी घडी पुरी केली. मग वर न बघता सांगायला लागल्या. कुठल्या वाडीची गाडी किती वाजता, कुठली गाडी पावसाळ्यात फाट्यापर्यंतच जाते, कुठल्या गावाला बाजाराच्या दिवशी जादा गाडी असते, आणि राजारामपुरीतून स्टँड गाठायला किती वेळ धरायचा. तीस-चाळीस गावं असतील. एकाही ठिकाणी अडखळल्या नाहीत.

"मग तुम्ही हे सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. आवाज माझा चढलेला होता, जणू चूक त्यांची होती.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "तुमी इचारलं कुठं, मॅडम? तुमी लिवलंसा."

त्या दिवशीची माणसं कशी गेली, तेही सांगते. मी रिक्षा शोधत बसले, आणि मावशींनी दोन फोन केले. त्यांच्या ओळखीचा एक दुधाच्या टेम्पोवाला रिकामे कॅन घेऊन गगनबावड्याकडे निघाला होता. त्यानं म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला पुढे बसवलं आणि वाडीच्या फाट्यापर्यंत सोडायचं कबूल केलं. राधानगरीच्या बाई मावशींच्याच घरी राहिल्या, बाकीचे मिळेल त्या गाडीनं गेले. ओळख चालत नाही असं मी ज्या दारावर लिहिलं होतं, त्याच दारातून ओळखीवर माणसं घरी गेली.

अण्णा रविवारी परतले. आईची तब्येत सावरली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते रागावतील, गप्प बसतील, मला घरी पाठवतील, असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करणार?"

मी म्हटलं, दुसरा फ्लेक्स लिहिते. माफीचा.

"पुन्हा लिहिणारच?"

मग त्यांनी मला सूतगिरणीची गोष्ट सांगितली. तिथे त्यांनी कामगारांची यादी केली होती, कोण कुठल्या नव्या कामाला लायक आहे याची. एका जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, त्यांनी "शिकू शकणार नाही" असं लिहिलं. त्या माणसाशी ते एकदाच बोलले होते, तेही घाईत. यादी लागली. पुढची अनेक वर्षं तो माणूस रस्त्यात दिसला की अण्णा बाजूच्या गल्लीत वळायचे. "मी त्याच्या घरी कधी गेलो नाही," ते म्हणाले. "आता तो नाही." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

सोमवारी सकाळी दहा वाजता, ओपीडी गच्च भरलेली असताना, मी स्टूल आणून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स माझ्या अंगावर पडला, कुणीतरी हसलं. मी स्टुलावरूनच बोलले. म्हटलं, हे मी लिहिलं होतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना एक प्रश्नही न विचारता लिहिलं. त्या वशिला लावत नव्हत्या, तुमच्या गाड्या चुकू नयेत म्हणून बघत होत्या. माझं चुकलं. औषधांच्या काउंटरवरचा माणूस कागद लावण्यात एकदम गुंग झाला. मावशी मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

दुपारी विश्वस्तांच्या खोलीत बैठक झाली. विश्वस्तांना तोडगा पटकन सापडला होता. मावशींकडून गाड्यांच्या वेळा लिहून घ्यायच्या, मशिनमध्ये भरायच्या. माणूस गाव निवडेल, मशीन नंबर लावेल. मला तो तोडगा आवडला. न्याय्य होता, उघड होता, कुणाच्या मर्जीवर नव्हता.

अण्णांनी मावशींना विचारलं, चालेल का?

"चालंल की," त्या म्हणाल्या. "पर ते लिवून घेतलं की माझं काय काम? चादरीच न्हवं?"

तोडग्यातली फट त्यांनी एका वाक्यात दाखवली होती. त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं शहाणपण काढून घ्यायचं आणि त्यांना मात्र मागच्या खोलीत ठेवायचं, हे आमच्यापैकी कुणाला खटकलं नव्हतं. माझ्या घरातल्या निम्म्या पत्रकांचा विषय नेमका हाच होता, आणि तो समोर आल्यावर मला ओळखू आला नाही.

तरीही त्यांनी सांगायला नकार दिला नाही. माणसांच्या गाड्या चुकतायत, आदी ते घ्या लिवून, म्हणाल्या. मी लिहीत गेले. दोन तास लागले. शेवटी मी एक अट घातली, कारण ती मला सोडवेना. म्हटलं, गाडीसाठी कुणाला पुढे घ्यायचं असेल तर ते रांगेला मोठ्यानं सांगायचं. ह्यांची गाडी अडीचची आहे, म्हणून ह्यांना पुढे सोडतोय. लपून काही नको. लपवलं म्हणून तर संशय आला.

"हे बेस हाय," मावशी म्हणाल्या. "सांगीन की. आन् ज्यांची गाडीच न्हाय, त्यांचं?"

विश्वस्तांनी विचारलं, म्हणजे?

त्यांनी सांगितलं, काही माणसं गाडीभाड्याला पैसे नसतात म्हणून चालत येतात. जवळच्या खेड्यांतली, म्हातारी, एकटी. गाव विचारलं तर सांगतात, गाडी विचारली तर "हाय की" म्हणतात. त्यांना थेंब उशिरा पडले तर ती तशीच हमरस्त्याच्या कडेनं, न दिसणाऱ्या डोळ्यांनी चालत परत जातात. "त्यांस्नी मी सगळ्यात आदी सोडते. पायाकडं बघितलं की कळतं."

"मग हेही लिहून घ्या," विश्वस्त मला म्हणाले. "आणि मॅडम म्हणतायत तसं रांगेला सांगत जा."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांम्होरं वरडून सांगू व्हय, मॅडम? ह्ये चालत आल्यात म्हणून?"

माझ्या हातात पेन होतं. सगळं उघड असलं पाहिजे, ह्या एका गोष्टीवर मी आजवर उभी होते, आणि आजही बहुतेक वेळा उभी असते. पण एका म्हाताऱ्या माणसाचं चालत येणं साठ जणांपुढे पुकारायचं, हे मला लिहिता येईना.

"हे मशीनला कळणार नाही," शेवटी अण्णा विश्वस्तांना म्हणाले.

"न्हायच कळत," मावशी म्हणाल्या.

विश्वस्तांनी घड्याळ बघितलं. मग विचारलं, उद्यापासून दारात याल का?

त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मागच्या खोलीत चादरी अर्ध्या राहिल्यात, तेवढ्यांच्या घड्या घालून येते, एवढं सांगून उठल्या. मी कागदावर गाड्यांच्या वेळा क्रमानं लावल्या, खाली रांगेला सांगायचा नियम लिहिला, आणि त्याच्या खालची, चालत येणाऱ्यांची ओळ मोकळी ठेवून सही केली.